पाशाभाऊ, दार मी लावलं होतं

पाशाभाऊ, मयताच्या घरात गॅस पेटलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो तुमच्या घरी.

मी जिना चढत होते. एका हातात पिठल्याचं पातेलं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. आमच्याकडे रीत आहे, ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात चूल पेटवायची नाही, शेजारपाजारच्यांनी भाकरी न्यायची. तळवड्यात शेतं होती तेव्हाही हे होतं आणि शेतांवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या तरी हे आहे. लिफ्ट चालू होती, पण तुम्ही चार वर्षं मला जिना चढायला लावून माझी लिफ्टची सवय मोडून टाकलीत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वास आला. लोण्यात कणीक भाजल्याचा, खरपूस. मनात म्हटलं, कुणाच्या घरी आज गोडाधोडाचं चाललंय, जरा लाज बाळगावी, वरच्या मजल्यावरच्या माणसाला सकाळीच मातीत ठेवून आलेत. आणि तिसऱ्या मजल्यावर आले तर वास तुमच्याच दारातून येत होता.

तुमची एलिफ ओट्यापाशी उभी होती. चाकणच्या कंपनीत जिचा अख्ख्या लाइनला धाक, ती इंजिनिअर पोरगी. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, आणि मोठ्या कढईत कणीक परततेय. हॉलमध्ये तिच्या कंपनीतल्या दोन बायका गप्प बसलेल्या. मी पातेलं खाली ठेवलं आणि दारातच थांबले. खरं सांगते, मला राग आला. बापाला पोचवून चार तास झाले नाहीत आणि ही गोडाचं करतेय. मग वाटलं, पोरीचं डोकं फिरलं असेल दुःखानं, म्हणून गॅस बंद करायला पुढे झाले. तिनं माझा हात धरला.

"तेयझे, बंद नको," म्हणाली. तेयझे म्हणजे तुमच्याकडे मावशी. "आमच्यात असंच असतं. हलवा. जो येतो तो थोडा वेळ परततो. परतताना गेलेल्या माणसाला जे सांगायचं ते मनात सांगतो." आणि तिनं लाकडी कालथा माझ्यापुढे धरला.

माझा हात मागे आला, पाशाभाऊ. असा पुढे धरलेला कालथा मला माहीत होता. तुम्हीच त्याची गोष्ट सांगितली होती, आणि त्या गोष्टीवरूनच आपलं बोलणं बंद झालं होतं.

तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात ते गेटवर. सकाळचे साडेसात, पँटला कडक इस्त्री, बूट असे की त्यात तोंड बघावं. वॉचमन भीमानं नेहमीसारखा सलाम केला, म्हणजे कपाळावरची माशी हाकलावी तसा. तुम्ही थांबलात. त्याची टोपी सरळ केलीत, कोपर वर उचललंत, बोटं जुळवलीत, दोन पावलं मागे जाऊन बघितलंत आणि परत करायला लावलंत. तुम्ही गेल्यावर भीमा मला म्हणाला, "काकू, ह्या पगारात एवढा सलाम बसत नाही बरं का." पण दुसऱ्या दिवसापासून तुमच्यासाठी तसाच ताठ सलाम करायचा आणि बाकीच्यांसाठी माशी हाकलायचा.

एलिफनं सांगितलं की तुर्कस्तानात जनरलला पाशा म्हणतात. आता आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवालासुद्धा पाशाच, त्यामुळे कुणाला काही नवल वाटलं नाही. मी आपली पाशाभाऊ म्हणायला लागले. जनरल म्हणजे केवढा मोठा माणूस, हे मला ताथवड्याहून माझ्या मुलानं फोनवर सांगितलं. "आई, त्यांच्या हाताखाली हजारो माणसं असतात." तोवर मी तुम्हाला बाकड्यावर मेथी निवडायला बसवलं होतं. आणि तुम्ही निवडत होतात, एकेक काडी मोजून, सगळी पानं एका दिशेला तोंड करून. मेथीची परेडच ती.

आपल्याला दोघांना तरी दुसरं काय होतं म्हणा. तुमची लेक सातच्या बसनं चाकणला जायची ती अंधार पडता पडता यायची. माझा मुलगा नातवाच्या कॉलेजसाठी ताथवड्याला राहायला गेला. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं दिलेल्या या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझा टीव्ही. तुमची बायको तिकडेच गेलेली, माझे मालक इथे. सगळ्या सोसायटीत दुपारी अकरा वाजता मोकळे असणारे आपण दोघंच.

भाषेचा प्रश्न तुम्ही फोननं सोडवलात. तुम्ही तुर्कीत बोलायचात, फोनमधली बाई मराठीत सांगायची. काय तिचं ते मराठी. सातच्या बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं. तुम्ही गुडघ्याला हात लावून कण्हत काहीतरी पुटपुटायचात आणि बाई म्हणायची, "आज वातावरणात आर्द्रता अधिक आहे." मला हसू आवरायचं नाही. मी तिला म्हणायचे, बये, जरा दमानं, माणसाचा गुडघा दुखतोय. तर ती तेही तुम्हाला तुर्कीत सांगायची आणि मग तुम्ही हसायचात.

मी तुम्हाला दुधाचा चहा करून द्यायचे. तुम्ही एका दमात प्यायचात, औषध प्यावं तसा, आणि छातीवर हात ठेवून मान लववायचात. वर्षभरानं एलिफकडून कळलं की तुम्हाला चहात दूध अजिबात चालत नाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? बाई म्हणाली, "मी सैनिक आहे." अहो, चहाला कसलं आलंय सैनिक असणं. पण तसेच होतात तुम्ही. पुढे मी कोरा करायला लागले. आमच्याकडे कोरा चहा ताप आला तरच करतात, त्यामुळे रोज अकरा वाजता मला उगाच कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटायचं.

तुमची नोकरी मी थोडीथोडी ऐकली. सलग नाही, आज एक तुकडा, आठ दिवसांनी दुसरा. चौदाव्या वर्षी सैनिकी शाळेत गेलात. निघायच्या आदल्या दिवशी आईनं तळहाताला मेंदी लावली. मी म्हटलं, मेंदी आणि पोराला? तुम्ही सांगितलंत की तुमच्या गावाकडे तिघांना लावतात, नवरीला, कुर्बानीच्या बोकडाला आणि फौजेत जाणाऱ्या पोराला. मला ते ऐकून कसंसंच झालं. तुम्हालाही लाज वाटली होती, शाळेत हात उघडा करून दाखवायची वेळ येईल म्हणून तुम्ही रेल्वेत वाळूनं घासत राहिलात. रंग पंधरा दिवस गेला नाही.

मग लेफ्टनंट. मग बर्फातल्या सरहद्दीवर कॅप्टन. पुढे मेजर, कर्नल, परदेशातलं मोठं ऑफिस, आणि खांद्यावर जनरलचा पहिला तारा. दर ऑगस्टला बढत्यांची यादी लागायची, म्हणून निवृत्त झाल्यावरही ऑगस्ट आला की तुम्ही गप्प व्हायचात. इथे पाऊस झडत असायचा आणि तुम्ही बाकड्यावर छत्री धरून बसायचात, यादी अजून यायची असल्यासारखे. दोन तारे झाले आणि एका ऑगस्टला यादीत तुमचं नाव नव्हतं. संपली नोकरी. त्याच्या तीन वर्षांनी पोलीस घरी आले. सरकार उलथवायचा कट केला म्हणे. एकोणीस महिने तुरुंगात ठेवलं आणि मग कोर्ट म्हणालं, पुरावे खोटे होते, जा घरी. त्यातच बायको गेली.

मी भडकले होते ते ऐकून. तुम्ही मात्र शांत. तुम्ही फोनमध्ये बराच वेळ बोललात आणि बाईनं त्या तिच्या बातम्यांच्या आवाजात सांगितलं, "मी तो गुन्हा केला नव्हता. परंतु मी तुरुंगात तक्रार केली नाही. मला वाटले, ही दुसऱ्या गोष्टीची शिक्षा आहे."

दुसरी गोष्ट कसली, हे मी महिनाभर विचारत राहिले. शेवटी या दिवाळीनंतर सांगितलंत. एवढ्या मोठ्या नोकरीतली तुम्हाला रोज आठवणारी गोष्ट तेवढीच होती, एका कालथ्याची.

तुम्ही सव्वीस वर्षांचे कॅप्टन होतात. तुमच्याकडे कॅप्टनच्या हुद्द्याचा अर्थच शंभर जणांचा प्रमुख. त्या शंभरातला एक वीस वर्षांचा पोरगा. त्याला तुम्ही उतारापलीकडच्या चौकीवर रसद घेऊन पाठवलंत. तो म्हणाला, साहेब, बर्फ भुसभुशीत झालाय, उद्या जातो. तुम्ही म्हणालात, आज. तो गेला आणि उतार खाली आला. दोन दिवसांनी सापडला तेव्हा त्याच्या तळहातावर आईनं लावलेली मेंदी होती. फिकी झालेली, पण होती.

शवपेटी घेऊन तुम्ही स्वतः त्याच्या गावी गेलात. तुमची माणसं बाहेर ताठ उभी, तुम्ही आत. त्याची आई चुलीपाशी हलवा परतत होती. तिनं वर बघितलं, काही विचारलं नाही, नुसता कालथा तुमच्यापुढे धरला. आणि तुम्ही म्हणालात, "मी ड्यूटीवर आहे." सलाम केलात आणि बाहेर पडलात.

त्यानंतर तुमच्या हाताखाली आणखी माणसं गेली. तुम्ही दर वेळी दुसऱ्या अधिकाऱ्याला पाठवलंत. स्वतः त्या कुणाच्या उंबऱ्यावर गेला नाहीत.

मी काय करायला हवं होतं त्या वेळी, आता मला कळतं. गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला कधी कुलूप असतं का? मी तुम्हाला नको नको ते बोलले. म्हटलं, हुकूम सोडताना हात कापला न्हाई, मग कालथा धरताना कसा कापला? त्या माउलीनं एवढा पुढं केला आणि तुम्ही पाठ फिरवलीत. आणि मग माझं स्वतःचं काढलं. माझे मालक कंपनीत प्रेस शॉपला होते, पत्रा दाबायच्या मशिनीवर. तेवीस वर्षं झाली. फर्स्ट शिफ्ट करून घरी निघालेले, सुपरवायझरनं सांगितलं, सेकंडचा माणूस आला नाही, थांबा. ओव्हरटाइमला थांबले आणि संध्याकाळी मशिनीत गेले. हे सगळं तुम्हाला सांगितलं आणि वर म्हणाले, "तुम्ही निदान दारापर्यंत तरी गेलात. आमच्याकडं तर कुणी उंबऱ्यापर्यंतसुद्धा आलं न्हाई."

तुम्ही फोन तोंडाशी धरलात. बाईनं विचारलं, "आले असते तर आपण काय केले असते?"

"आत घेतलं असतं," मी म्हणाले. "तांब्याभर पाणी दिलं असतं."

मग फोन खिशात ठेवलात, छातीवर हात ठेवून मान लववलीत आणि "सुमन हानम" एवढंच म्हणालात. बाईमाणसाला आदरानं हाक मारायची तुमची तऱ्हा ती. रोजचीच हाक, पण त्या दिवशी असं म्हणालात की मला मान वर करवली नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होतात.

आणि मी खोटं बोलले होते.

आला होता, पाशाभाऊ. सुपरवायझर आला होता. वाघमारे त्याचं नाव, लातूरकडचा, चाळिशीचा असेल तेव्हा. जाळून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आला. कंपनीनं पाठवलं नव्हतं, आपला आपण आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, हातात मालकांचा जेवणाचा डबा. मी डबा घेतला, उघडला. आतून लख्ख. घासूनपुसून, कोरडा करून आणला होता. मी त्या माणसाच्या तोंडावर दार लावलं. आत बायका बसल्या होत्या, त्यांना म्हटलं, कुणी न्हाई, वारा आहे. तो किती वेळ बाहेर उभा होता कोण जाणे. एकदा खोकल्याचा आवाज आला. मग चपला गेल्याचा.

डब्याचं तुम्हाला कसं सांगू. पहाटे मी भरून दिलेला डबा. त्यात काही उरलं होतं का, ते जेवले होते की उपाशीच दुसऱ्या शिफ्टला उभे राहिले, हे मला त्या डब्यातून कळणार होतं. दुसरीकडून कळायला जागाच नव्हती. आणि यानं ते घासून टाकलं. मला वाटलं, थांबवून घेतलं ते घेतलं, वर खुणासुद्धा पुसल्या. तेवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, कुणीही आलं नाही. मुलालाही तेच सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा ते एकदम खोटं झालं.

दुसऱ्या दिवशी मी बाकड्यावर आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मागच्या गेटनं भाजीला जायला लागले. खिडकीच्या पडद्याआडून तुम्ही दिसायचात. अकराला यायचात, ताठ बसायचात, बाकड्याची उजवी बाजू माझ्यासाठी मोकळी ठेवून. साडेबाराला उठून जायचात. भीमा मला म्हणाला, "काकू, पाशाभाऊंशी काही झालं का? रोज दोन ग्लास घेऊन येत्यात, दोन्ही परत नेत्यात." तुमचे ते चहाचे इवलाले ग्लास. म्हणजे माझ्यासाठी तुम्ही चहा घेऊन बसत होतात आणि मी पडद्याआड. तेवीस दिवस. तेवीस वर्षांना तेवीस दिवस, हे मी मुद्दाम नाही केलं, देवाशपथ, नंतर कॅलेंडर बघितलं तेव्हा कळलं.

तुम्हाला वाटलं असणार, ही बाई माझं तोंड बघायला तयार नाही. मी काय केलं हे कळल्यावर कोण बघेल? असंच वाटलं असणार. आणि मला तर माझंच तोंड तुम्हाला दाखवायचं नव्हतं.

मंगळवारी साडेसातला तुम्ही गेटवर आला नाहीत. भीमानं आठपर्यंत वाट पाहिली, मग वर जाऊन बेल वाजवली, मग एलिफला फोन लावला. कंपनीच्या दारातून तशीच परत आली पोरगी. तुम्ही खुर्चीत होतात. एक बूट पायात, चकचकीत. दुसरा हातात, त्याला पॉलिश लागलेलं, ब्रश फिरायचा राहिलेला.

तुमच्या राजधानीतून फोन आले म्हणे. विमान, झेंडा, बँड, सगळं करतो म्हणाले. तुरुंगात टाकलं तेच आता बँड लावणार. एलिफ म्हणाली, बाबा म्हणायचे, जिथे तू असशील तिथेच मला ठेवायचं. तुम्हाला न्यायला आमचा पाशा पंक्चरवाला होता, बिल्डिंगखालचा रफीक मेकॅनिक होता, भंगारवाले चौघे भाऊ होते. रफीकनं घाईघाईनं हात धुतले, तरी नखांतलं ऑइल निघालं नव्हतं. मला म्हणाला, "काकू, चाचा नक्की करायचे काय?" मी म्हटलं, फौजेत होते. "व्हय? आमचे मामू पण होते," म्हणाला आणि खांदा द्यायला पुढे झाला. दोन ताऱ्यांच्या जनरलला गॅरेजवाल्यांनी उचललं. भीमा गेटवर होता. त्यानं सलाम केला. कोपर वर, बोटं जुळलेली. आणि गाडी वळेपर्यंत हात खाली घेतला नाही.

तर मी त्या ओट्यापाशी उभी होते आणि एलिफनं कालथा पुढे धरला होता. हॉलमधल्या बायका बघत होत्या. तोंडाशी आलं होतं की माझा गुडघा दुखतोय, मी बसते. तुमच्या ड्यूटीसारखंच.

घेतला मग. कणीक परतायला माझा हात काही नवा नाही. मी परतत राहिले आणि तुम्हाला मनात सगळं सांगितलं. फोनमधली बाई नाही, बातम्या नाहीत. पाशाभाऊ, तो आला होता. दार मी लावलं होतं. मी तुम्हाला टाळलं ते तुमच्यामुळे नाही. एवढंच, पण तीनतीनदा सांगितलं. कणकेला तांबूस रंग चढला तेव्हा एलिफनं पाक ओतला, चर्र झालं, सगळीकडे वाफ, आणि त्या वाफेत आम्ही दोघींनी रडून घेतलं.

मग तिनं मला एक सांगितलं, जे तुम्ही मला सांगायला रोज बाकड्यावर दोन ग्लास घेऊन येत होतात.

आपलं भांडण झालं त्याच आठवड्यात तुम्ही त्या पोराच्या गावच्या सरपंचाचा नंबर मिळवलात. "खाली एक बाई आहे, ती म्हणते, माझ्यासारख्याला तिनं आत घेतलं असतं," असं एलिफला म्हणालात. माझ्या खोट्यावर भरवसा ठेवून फोन लावलात. आई बारा वर्षांपूर्वीच गेलेली. बहीण भेटली, आता तीही म्हातारी. तिला तुम्ही सांगितलंत, मी तो कॅप्टन. ती म्हणाली, आई तुमची आठवण काढायची. म्हणायची, तो कॅप्टन म्हणजे पोरच होतं, ओठ थरथरत होते त्याचे. कालथा हातात घेतला असता तर रडला असता, आणि बाहेर त्याची माणसं उभी होती. म्हणून मी त्याला जाऊ दिलं.

तुम्ही फोन ठेवलात आणि एलिफला म्हणालात, हे सुमन हानमना सांगायला हवं. आणि सुमन हानम पडद्याआड.

आमच्याकडे मयताच्या घरून निघताना येते म्हणत नाहीत. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. मी तशीच उठले. वाटीतला हलवा संपवला होता, पिठल्याचं पातेलं तिथेच राहिलं. उंबऱ्यापाशी तुमचे बूट होते. एक चकचकीत, एक मळका. एलिफनं तसेच ठेवले होते.

सातव्या दिवशी तिनं परत हलवा केला. मला डबा भरून दिला. मी तो घेतला आणि रिक्षा करून सांगवीला गेले. वाघमारे निवृत्त होऊन तिथे मुलाकडे राहतात हे मला कधीपासूनच माहीत होतं. मालकांचा एक सोबती सांगायचा अधूनमधून, ते माझी चौकशी करतात म्हणून. मी कानाआड करायचे.

दार त्यांनीच उघडलं. केस पार पिकलेले, अंगानं रोडावलेले. मी नाव सांगायच्या आधी ओळखलं. दोन पावलं मागे सरले आणि भिंतीला टेकून उभे राहिले, मी काही मारायला आले असल्यासारखे.

मी म्हटलं, "पाणी द्या जरा. लांबून आलेय."

धावतच गेले आत. तांब्या आणला, घाईत निम्मं सतरंजीवर सांडलं. मी उरलेलं सगळं प्यायले. मग तेवीस वर्षं ज्याला विचारायचं होतं त्यालाच विचारलं. त्या दिवशी जेवले होते का ते?

"जेवले की ओ ताई," वाघमारे म्हणाले. "माझ्यासंगंच जेवले. मेथीची भाजी व्हती. अर्धी भाकर मला दिली त्यांनी. म्हणले, खा, आमच्या मंडळीच्या हातची मेथी हाय." मग खाली बघत बोलले, "डबा तसाच खरकटा कसा आणायचा तुमच्या घरी, म्हणून मी रात्री घासला. बायकोलाबी घासू दिला न्हाई. नीट घासला व्हता ना?"

मी म्हणाले, नीट घासला होता.

हलव्याची वाटी पुढे केली तर त्यांनी विचारलं, कुणाकडचं गोड? मी सांगितलं, आमच्या सोसायटीत एक फौजी होते, त्यांचं. त्यांनी हात जोडले आणि सावकाश खाल्लं, शेवटच्या कणापर्यंत. सून डबा आत घासायला नेत होती. मी तिच्या हातातून परत घेतला. म्हटलं, असू दे खरकटा, घरी घासीन.

निघताना ते उंबऱ्यापर्यंत आले. मी बाहेर येऊन चपला घातल्या, मागे वळले आणि म्हणाले, "येते, भाऊ."